अर्ध्याहून लहान तुकडा

शिवकन्याबाई कशाला भीत नाहीत, असं विचारलं तर उत्तर एका शब्दात देता येतं. बियाण्याला. बाकी यच्चयावत गोष्टींना त्या भितात.

परभणीच्या स्टँडवर एसटी मागे येत असली आणि कंडक्टर पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या" म्हणत असला, की बाई फलाटावर सुखरूप उभ्या असूनही चार पावलं मागे सरतात. लिफ्ट असेल तिथं जिना चढतात. अनोळखी नंबरावरून फोन आला तर मोबाइल पालथा घालून वर उशी ठेवतात. त्यांचे यजमान योगीराज पिंगळीच्या स्टेशनाजवळ घरापुढेच मोटारसायकली दुरुस्त करतात. गिऱ्हाईक बसलेलं असलं की पान्यानं ठेका धरत सांगतात, "आमच्या हिला पाल दिसली का पहिले पालच पळून जाती. आता घरात पाली न्हाईत, डासच लय झालेत." बाई आतून ऐकतात आणि हसतात, कारण खोटं काही नाही.

बियाण्याचं मात्र वेगळं. माहेर पाथरीकडचं. आठ वर्षांच्या असताना वडिलांनी, माणिकरावांनी, पेरणीला आणलेल्या ज्वारीच्या पिशवीत हात घालून त्या म्हणाल्या होत्या, "दादा, हे बी आतून खाल्लंय." वरून दाणा साजरा दिसत होता. माणिकरावांनी एक दाणा दाताखाली फोडला, भुगा निघाला. तेव्हापासून आख्खी गल्ली पेरणीआधी मूठभर बी घेऊन दारात यायची. पोरगी पायरीवर बसून सांगायची, हे पेरा, हे कोंबड्यांना टाका. आणि कोंबडी जवळ आली की उठून आत पळायची.

त्या डोळ्यावरच परभणीत बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. एकोणीस वर्षं खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर चिमट्यानं दाणे सरकवत बसल्या. एका बाजूला शुद्ध बी, दुसऱ्या बाजूला परक्या पिकाचं बी, तिसऱ्या बाजूला कचरा, म्हणजे माती, काडी, फोलपट. फुटलेल्या दाण्याचा नियम ठरलेला. तुकडा अर्ध्याहून मोठा असला तर तो दाणा धरायचा. अर्ध्याहून लहान असला तर कचरा. हा नियम बोटांत इतका मुरला होता की घरी वरणाची डाळ निवडतानाही हात आपोआप तीन ढीग लावायचा, आणि सासूबाई, कमलबाई, म्हणायच्या, "अगं, सरकारला पाठवायची न्हाई ती. शिजवायची हाय."

मग ढगवाले आले.

खूप उंचावरच्या थंडगार ढगांत पाण्याचे थेंब नसतात, बर्फाचे बारीक स्फटिक असतात. ते किती, केवढे, कोणत्या आकाराचे, हे पाहायला एक संशोधन पथक दोन वर्षांसाठी मराठवाड्यात आलं होतं. त्यांचं विमान नांदेडला उभं असायचं आणि आकाशातून आलेली चित्रं निवडायचं कार्यालय परभणीत, जिंतूर रोडला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. विमानाच्या पंखाखाली म्हशीच्या शिंगांसारखी दोन टोकं पुढे काढलेलं एक यंत्र होतं. एका शिंगातून दुसऱ्या शिंगात उजेडाची तिरीप जायची. मधून स्फटिक गेला की त्याची सावली पडायची आणि त्या सावलीचा फोटो निघायचा. तासाला हजारो. संगणक त्यांची वर्गवारी करायला शिकत होता, पण त्याला शिकवायला माणसाचा डोळा हवा होता.

हा डोळा शोधत हेमा प्रयोगशाळेत आली. पथकातली शास्त्रज्ञ, तिशीच्या आतली, परभणीतल्याच एका मास्तरांची मुलगी.

"ताई, तुम्ही दाणे ओळखता ना? हे दाणेच समजा. फक्त उणे चाळीस अंशांतले."

"मॅडम, मला काँप्युटरचं भ्या वाटतं."

"चावत नाही तो."

"चावायचं न्हाई. एखादं बटन दाबलं आन् सगळं पुसलं तर?"

"माझ्याकडे दुसरी प्रत असते."

"तुमची बी पुसली तर?"

हेमाने तिथंच त्यांना पक्कं केलं. दुसऱ्या प्रतीचीही काळजी करणारा माणूस तिला आजवर मिळाला नव्हता.

काम सोपं होतं. पडद्यावर सावली यायची, ती बरोबर रकान्यात टाकायची. चपटा षटकोन म्हणजे चकती. लांबट तो खांब. एकमेकांना चिकटलेल्यांचा गुच्छ. आणि एक सगळीकडून टोकं काढलेला प्रकार होता, त्याचं इंग्रजी नाव हेमाने तीनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "गोखरू," आणि तेच नाव रकान्यावर लागलं. शेवटचा रकाना कचरा. "जे स्फटिक नाही ते यात," एवढंच हेमाने पहिल्या दिवशी सांगितलं आणि ती निघाली. फुटलेल्या स्फटिकाचं काय करायचं, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण मॅडमच्या खांद्याला बॅग, खाली गाडी, ड्रायव्हर परमेश्वर हॉर्न वाजवतोय. विचारायची भीती वाटली. शिवाय नियम तर ठाऊकच होता.

अकरा उड्डाणं झाली. दर उड्डाणानंतर शिवकन्याबाई ढगाच्या कुठल्या भागात किती स्फटिक, याचा तक्ता करायच्या, हेमा तो डोळे मिटून घ्यायची. तक्त्यावरून एक गोष्ट दिसत होती. वादळी ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. त्या ऐरणीच्या कडांना स्फटिक दाट होते, मध्यभागी विरळ. म्हणून ऑक्टोबरात, परतीच्या पावसाचा शेवटचा मोठा ढग येलदरीवर उभा राहिला, तेव्हा ठरलं की दुपारी चार वाजता हेमाला घेऊन विमान ऐरणीच्या मधोमध शिरेल आणि चाळीस मिनिटं आतच फिरेल.

विरळ आहे म्हणून शिरायचं, हे महत्त्वाचं होतं. एकदा चिवडा खाता खाता हेमाने सांगितलं होतं, की बर्फ दाट असला तर तो इंजिनात जातो, आतल्या गरमीने वितळतो आणि पात्यांवर पुन्हा गोठतो. इंजिन गुदमरतं.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग खाली एखादं सपाट रान शोधायचं," हेमा म्हणाली आणि शेंगदाणे वेचायला लागली. तिची ती गंमत होती. बाई त्यानंतर दोन दिवस, आभाळात विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून जप करत होत्या.

त्या दिवशी तीन वाजून गेले होते. शिवकन्याबाई आदल्या उड्डाणातल्या उरलेल्या फ्रेमा निवडत होत्या. पलीकडच्या खोलीत कार्यालयाचे प्रमुख अनंतराव कृषी महाविद्यालयातून आलेल्या दहा पाहुण्यांना प्रकल्प समजावून सांगत होते. विमानाशी निरोपानिरोपी करायचा संगणकही त्यांच्याच टेबलावर होता, आणि उड्डाण चालू असताना त्यावर त्यांच्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही, असा दंडक होता.

बाईंच्या पडद्यावर एक फ्रेम आली, नुसते तुकडे. कचरा. दुसरी, पुन्हा तुकडे. कचरा. तिसरीवर बोट थांबलं.

एवढे तुकडे एकाच फ्रेमेत कसे? आधीची फ्रेम मोकळी, नंतरची मोकळी, आणि मध्येच मूठभर चुरा, अगदी एकाच क्षणाला आलेला. प्रयोगशाळेत सोयाबीनच्या नमुन्यात असा चुरा निघाला की बाई शेऱ्यात लिहायच्या, "मळणीत फुटलेले. यंत्राचा वेग जास्त." शेतात सोयाबीन आख्खंच असतं. फोडतं ते मळणीयंत्र.

आभाळात मळणीयंत्र कुठलं?

बाईंच्या डोळ्यांपुढे ती दोन शिंगं आली. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरने धावणारी शिंगं. त्यांच्यावर मोठा स्फटिक आदळला तर त्याचं काय होणार? फुटून चुरा होणार आणि चुरा तिरिपीतून जाणार. चुरा जितका जास्त, तितके आख्खे दाणे जास्त आणि मोठे. आणि त्यांनी तर अकरा उड्डाणं तो चुरा अर्ध्याहून लहान म्हणून फेकून दिला होता, वर तक्त्यात लिहिलं होतं, विरळ.

जिथं विरळ लिहिलं होतं, तिथंच सगळ्यात दाट होतं.

 बाईंच्या कानाच्या पाळ्या गार पडल्या. जुनी उड्डाणं एकेक उघडून पाहिली. ऐरणीचा मध्य आला की कचरा, कचरा, कचरा. हात स्वतःचा, अक्षर स्वतःचं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन.

परमेश्वर चहा घेऊन आला. "ताई, तोंड का पांढरं पडलंय? च्या घ्या."

"परमेश्वर, विमान वर गेलं का?"

"कवाच. मॅडमला नांदेडला सोडूनच आलाव की म्या."

"ते माघारी कसं बोलवायचं?"

परमेश्वरने कप खाली ठेवला. "ताई, म्या जीप चालवतो. विमानाचं सरांला विचारा."

"सरांला सांगायचं भ्या वाटायलंय."

"काय सांगायचंय?"

"माझं चुकलंय."

"किती?"

"सगळंच."

परमेश्वरने जरा विचार केला. "मंग चला. थोडं चुकलं असतं तर शरम होती. सगळंच म्हणल्यावर कशाची फिकीर?"

तो दार धरून उभा राहिला. बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. चूक नसलीच तर? वर्षाचा शेवटचा ढग, लाखोंचं उड्डाण, एका बाईच्या घाबरण्यापायी वाया गेलं म्हणतील. आणि चूक असली तर हेमा चाळीस मिनिटं त्यात असणार. दोन्ही भीती एकाच मापाच्या असत्या तर बाई तिथंच बसून राहिल्या असत्या. पण हेमा शेंगदाणे वेचताना दिसली, आणि एक भीती जड झाली.

पलीकडच्या खोलीत अनंतराव रंगात आले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं कुठलंही वाक्य एकंदरीतवरून सुटायचं आणि एकंदरीतवर येऊन थांबायचं. "एकंदरीत, मित्रहो, उपकरणं कितीही आधुनिक असोत, मानवी दृष्टीला पर्याय नाही. आमच्या एक भगिनी आहेत. बियाण्यातून त्या थेट आकाशात पोचल्या. आणि ह्या पाहा, आल्याच."

दहा माना वळल्या.

"सर," शिवकन्याबाई म्हणाल्या, "मला एक बोलायचंय."

"अवश्य. दोन शब्द बोला. संकोच नको."

पाहुण्यांनी ऐकण्यासाठी हाताची घडी घातली.  आयुष्यात बाई चार माणसांपुढे उभ्या राहून बोलल्या नव्हत्या, लग्नात उखाणासुद्धा नणंदेने घेतला होता.

"ढगात बर्फ हाय," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"लय हाय. मी कचऱ्यात टाकला."

एकाने टाळी वाजवली. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो थांबला.

अनंतरावांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण डोळे बदलले. "बाई, नीट सांगा."

बाईंनी सांगितलं. आधी तुटक, मग एका दमात. सोयाबीन, मळणी, शिंगं, चुरा, तक्ता. सांगता सांगता त्या पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळत होत्या की बोट निळं पडलं. पाहुण्यांतला एक वयस्क प्राध्यापक मध्येच म्हणाला, "सोयाबीनचं बरोबर आहे त्यांचं."

"तुमची खात्री आहे?" अनंतरावांनी विचारलं.

एकोणीस वर्षांत बाईंनी हा शब्द कधी लिहिला नव्हता. त्या लिहायच्या, आढळले. आढळले नाही.

"खात्री न्हाई सर. भ्या वाटायलंय."

"भीती वाटते म्हणून विमान वळवता येत नाही, बाई."

"मंग कशानं येतं?"

अनंतरावांनी तोंड उघडलं. "एकंदरीत," ते म्हणाले, आणि त्या एकंदरीतच्या पुढे काहीच आलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि टंकायला लागले. दोनदा खोडावं लागलं. ऐरणीच्या मध्यात बर्फ दाट असण्याची शक्यता. तक्ता चुकीचा. आत जाऊ नका.

तीन वाजून चौपन्न मिनिटं.

पाठवल्याची खूण उमटते न उमटते तोच विमानाकडून ओळ आली. पण ती उत्तराची नव्हती, आधीच निघालेली होती. "जरा लवकर शिरतोय."

मग काही नाही.

विमान ढगात असताना संपर्क लुळा पडायचा. निरोप पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता. फक्त मिनिटा-मिनिटाला एखादी फ्रेम झिरपत यायची. शिवकन्याबाई अनंतरावांच्या खांद्यामागून पाहत होत्या. पहिल्या फ्रेमेत सात तुकडे. दुसरीत एकोणीस. तिसरीत मोजता येईनात, पोह्यांचा डबा पालथा झाल्यासारखा चुरा.

"हे कचरा आहे का?" अनंतरावांनी हळू विचारलं. आवाज मुख्याध्यापकाचा राहिला नव्हता.

"न्हाई सर. हे सगळं खरं हाय."

चौथी फ्रेम आली नाही. पाचवीही नाही. पाहुणे उठून जाऊ शकत नव्हते आणि बसूही शकत नव्हते. परमेश्वर खिडकीशी जाऊन येलदरीच्या दिशेला पाहत होता, जसं काही इथून ते दिसणार होतं. बाईंना वाटत होतं, आपण श्वास घेतला तर वर काहीतरी सुटेल. सहा मिनिटं. सात. खाली दवाखान्यात कोणीतरी नंबर पुकारत होतं, "तेवीस, तेवीस कोण?", आणि तेवीस नंबर सापडत नव्हता.

आठव्या मिनिटाला ओळ आली. "बाहेर आलो. खाली उतरतोय."

अनंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो सापडेना म्हणून कपाळावर शोधायला लागले. शिवकन्याबाई जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. बसल्या, एवढंच.

पावणेसहाला हेमाचा फोन आला. नंबर ओळखीचा होता, तरी बाईंनी तो परमेश्वरला उचलायला लावला.

"ताई, डाव्या इंजिनाचा आकडा खाली यायला लागला होता," हेमा म्हणाली. तिच्या आवाजात ती नेहमीची गंमत नव्हती. "कॅप्टन म्हणाले, दोन मिनिटं पाहू. तेवढ्यात तुमचा निरोप दिसला. ते वळले."

"पाहिलं असतं तर?"

 "माहीत नाही."

मग बाईंनी तिला चूक सांगितली, पहिल्या दिवसापासून. हेमाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीही एकदा तरी स्वतः पाहायला हवं होतं. पाहिलं नाही." तिने समजूत घातली नाही, हे बाईंना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अनंतरावांनी अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. "वर्गवारीमध्ये एकंदरीत तांत्रिक विसंगती आढळल्याने."

"सर, विसंगती म्हंजे कोण?"

"म्हणजे, असं सर्वसाधारण."

"माझं नाव लिहा. मी सोयाबीनचा नियम लावला म्हणून लिहा. नसता वाचणाऱ्याला वाटंल यंत्र बिघडलं, आन् ते चांगलं यंत्र खोलून बसतील." अनंतरावांनी मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. त्यांनी नाव लिहिलं.

अकरा उड्डाणांच्या फ्रेमा पुन्हा निवडायला नऊ दिवस लागले. नवा रकाना पडला, फुटका. ऐरणीचा मध्य विरळचा दाट झाला, आणि हेमाला जे दोन वर्षं जुळत नव्हतं, ते जुळायला लागलं.

पण बाईंना खरी भीती पुढेच भेटली. नोव्हेंबरात अवकाळी ढग उठले, तेव्हा हेमाने नवी पद्धत आखली. विमान आधी ढगाची कड फक्त दोन मिनिटं कापणार, तिथल्या फ्रेमा लगेच परभणीला येणार, आणि आत जायचं की नाही, हे शिवकन्याबाई सांगणार.

"मॅडम, दुसरं कुणी बघा."

"दुसऱ्या कुणाला एवढी भीती वाटत नाही, ताई. ते पटकन हो म्हणतात."

अनंतरावांनी स्वतः खुर्ची रिकामी करून दिली. बाई तिच्या कडेवर टेकल्या. दुपारी दोन वाजता फ्रेमा आल्या, चाळीस. बाईंनी एकेक पाहिली. चकती. खांब. गोखरू, एक काटा मोडलेला. फुटका. चकती. चकती. खांब. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. चाळिसात तीन फुटके, तेही लहान.

पडद्यावर हेमाची ओळ उमटली. "ताई, सांगा."

"वळा" लिहिणं सोपं होतं. वळा म्हटल्यावर कोणी रागावत नाही. सगळे घरी येतात, चहा पितात, आणि ढगात काय होतं ते ढगातच राहतं. बाईंनी व या अक्षरावर बोट ठेवलं. काढलं. परमेश्वर दारात उभा होता. अनंतराव चष्मा पुसत होते.

तीन फुटके. लहान. हे आढळले. बाकीचं आढळलं नाही.

बाईंनी एका बोटाने दोनच कळा दाबल्या, ज आणि काना. आणि डोळे न मिटता पाठवायचं बटण दाबलं.

"शिरतोय," ओळ आली.

पुढची चाळीस मिनिटं त्या खुर्चीच्या कडेवरच होत्या. पहिली फ्रेम आली. षटकोनी चकती, सहाही कोपरे शाबूत. बाईंनी ती रकान्यात टाकली आणि भीत भीत पुढचीकडे पाहिलं.